वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प

कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्यासाठी १९९८ मध्ये हाती घेतलेला प्रकल्प. खर्च सुमारे अडीच कोटी रुपये. त्यातला निम्मा केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि उरलेला वारणा सहकारी समूहाने उचलला. उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केली. शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना आणि जमिनीचे उतारे मिळावेत, असा मूळ संकल्प होता.

वारणेची निवड विचारपूर्वक झाली होती. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला साखर कारखाना, दूध संघ आणि शिक्षणसंस्था यांचे जाळे खोऱ्यात आधीच घट्ट होते. गावोगावच्या केंद्रांवर संगणक आले ते या जाळ्याच्या आधाराने. उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन, खताची उचल, बिलाची रक्कम हे सारे केंद्रावर कळू लागले आणि त्यासाठी वारणानगरला कारखान्यावर घालावे लागणारे हेलपाटे वाचले. ज्याचा पूर्ण दिवस एका चौकशीत जाई, त्या अल्पभूधारकाला ही सोय मोठीच होती.

इंटरनेटचा भाग मात्र रुजला नाही. संगणक केंद्रचालक हाताळी, शेतकरी समोर उभा राहून विचारी आणि विचारणे बहुतेक उसापुरतेच असे. पुढे यंत्रे जुनी झाली, वीज आणि दूरध्वनीची जोडणी बेभरवशाची होती. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसने तीच कामे करून पाहिली. आठ महिन्यांच्या या प्रयोगात साधा, स्वस्त फोन पुरेसा ठरला.

विषमतेच्या दृष्टीने प्रकल्पाची मर्यादा मुळातच होती, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष गेले. ही यंत्रणा कारखान्याच्या नोंदवहीवर चालत होती. नोंद उसाची, म्हणजे जमीन असलेल्याची. भूमिहीन शेतमजुराला त्या पडद्यावर विचारण्यासारखे काही नव्हते. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी बाई घरच्या पुरुषामार्फतच केंद्रापर्यंत पोचे. दर हंगामात दूरवरून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांनी तोडलेल्या उसाचे वजन केंद्रावर दिसे ते ऊसमालकाच्या नावावर. तोडणाऱ्याची मजुरी आणि टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हा हिशेब मुकादमाच्या वहीतच राहिला.