भर उन्हात मिक्सरचा पडदा का विझतो?

एप्रिलमधली दुपार, साडेतीनची वेळ. जुळे सोलापुरातल्या एका मोकळ्या मैदानावर संध्याकाळच्या कार्यक्रमाचा साऊंड चेक चालला होता. ढोलकीवाला थाप मारून बघत होता, गायिका माइकपाशी उभी होती. मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणाऱ्या यंत्रावर, बसलेला माझा मित्र मात्र पडद्याभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून आत डोकावत होता. "काय बे, काहीच दिसेना की! ढोलकी कुठल्या चॅनेलला आहे तेच कळंना." तेवढ्यात त्याचं बोट भलतीकडे पडलं आणि मॉनिटरमधून, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, अशी शिट्टी निघाली की गायिकेनं कानांवर हात ठेवले.

मिक्सर चांगला होता, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला होता. बिघाड कुठेच नव्हता. तरीही आदल्या रात्री लखलखणारा तो पडदा दुपारी काळ्या पाटीसारखा दिसत होता.

जुन्या ॲनालॉग मिक्सरवर ही अडचण अशी कधी आलीच नाही. तिथे प्रत्येक चॅनेलचं, म्हणजे प्रत्येक माइकच्या वाटेचं, बटण वेगळं, प्रत्येकावर पांढरी रेघ. गेन (येणारा आवाज किती वाढवायचा ते) किती, बास किती, सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं. खाली पांढरी टेप चिकटवून मार्करनं 'ढोलकी', 'पेटी', 'निवेदक' लिहिलं की काम झालं. ऊन जितकं कडक, तितकी ती टेप जास्त स्वच्छ दिसे, कारण ती सूर्याचाच उजेड परत पाठवते. छापील वर्तमानपत्र उन्हात वाचता येतं, साध्या कॅल्क्युलेटरचे आकडे उन्हात ठळक दिसतात, तेही याचमुळे. डिजिटल मिक्सरनं ही सगळी बटणं पडद्याच्या आत नेली. तेच सोळा फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या) आता गायकांचे, घटकेत वाद्यांचे. कुठला थर चालू आहे हे सांगतो तो पडदाच, आणि पडदा स्वतःच्या उजेडावर जगतो. त्याची गाठ थेट सूर्याशी पडते.

ही लढत किती विषम आहे ते आकड्यांतून बघू. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. ऑफिसमधल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतात. स्वच्छ दुपारच्या उन्हात हाच आकडा १,००,००० च्या घरात जातो. पडद्यातून किती उजेड बाहेर येतो ते निटमध्ये सांगतात. एका चौरस मीटरमागे साधारण एका मेणबत्तीएवढा उजेड म्हणजे एक निट. मिक्सर चालवायला टॅबलेटही वापरतात; चांगल्या टॅबलेटचा पडदा ५०० निटच्या आसपास असतो.

आता त्या पडद्यासमोर पांढरा शर्ट घालून उन्हात उभा असलेला माणूस घ्या. त्याचा शर्ट वीस-पंचवीस हजार निटनं चमकत असतो. काच समोरून आलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्के परत फेकते. चार टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण पंचवीस हजारांचे चार टक्के म्हणजे १,०००. पडदा स्वतः देतो ५००, आणि त्याच्यावर पसरलेलं शर्टाचं प्रतिबिंब १,०००! अंधाऱ्या सभागृहात या पडद्यावरचा पांढरा भाग काळ्या भागाच्या हजारपट उजळ असू शकतो. उन्हात दोन्हींत ते हजार निट मिसळले की एक होतो १,५००, दुसरा १,०००. फरक उरतो जेमतेम दीडपट. लाल चॅनेल, हिरवा चॅनेल, सगळे राखाडी. काळा शर्ट घातला तर हेच प्रतिबिंब साठ-सत्तर निटवर येतं. साऊंडवाले काळे कपडे घालतात ते रात्री स्टेजजवळ उठून दिसू नये म्हणून, पण दुपारी तो काळा शर्ट पडद्याच्या बाजूनं लढत असतो.

म्हणून मला ठामपणे वाटतं, की पडद्याचा उजेड वाढवत बसण्यापेक्षा पडद्याला काय 'दिसतंय' ते आधी तपासावं. त्याची युक्ती सोपी आहे. पडदा बंद करा आणि आपल्या नेहमीच्या जागी उभं राहून त्यात बघा. बंद पडदा म्हणजे काळा आरसा. त्यात आभाळ दिसतं, समोरची उन्हात तापलेली भिंत दिसते, की आपलाच शर्ट? जे दिसेल तेच काम करताना आडवं येणार. मग मिक्सर थोडा उभा करा, किंवा वळवा, म्हणजे आरशात काहीतरी गडद येईल. पडद्याकडे फार तिरकं बघू नका. समोरून ४ टक्के परत फेकणारी काच ६० अंशांच्या तिरकस नजरेला ९ टक्के परत फेकते, आणि त्याहून तिरकं गेलं की आकडा भराभर वाढतो.

त्या दिवशी आम्ही तेच केलं. मंडपवाल्याचं पांढरं कापड डोक्यावर होतंच, पण पातळ पांढरं कापड उन्हात स्वतःच दिव्यासारखं उजळतं आणि पडद्यात तेच दिसत राहतं. चादरींच्या या गावात जाड कापडाला काय तोटा! एक गडद रंगाची चादर त्या पांढऱ्या कापडाखाली वीतभर अंतर ठेवून बांधली. वरचं पांढरं कापड ऊन परतवतं, मधली हवा तापलेली झळ खाली येऊ देत नाही, आणि पडद्याला वर दिसतो तो काळोख. जुने फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे काळं कापड डोक्यावर घ्यायचे, तीच ही रीत. डोळ्यांनाही त्याचा फायदा होतो. उन्हानं लख्ख झालेल्या स्टेजकडे बघून नजर पडद्याकडे वळवली, की डोळा सावलीला सरावायला वेळ घेतो. आसपास गडद असेल तर तो सराव आधीच झालेला असतो.

गॉगलचं मात्र जपून. या पडद्यांतून बाहेर पडणारा उजेड बहुधा एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित असतो. पोलराइज्ड गॉगलसुद्धा एकाच दिशेचा उजेड आत सोडतो. दोघांच्या दिशा आडव्या आल्या की पडदा ठार काळा दिसतो, आणि माणूस केबल तपासत बसतो. घरीच गॉगल लावून टॅबलेट उभा-आडवा फिरवून बघा, लगेच कळेल.

आणि मग उष्णता. आयपॅड वापरण्यासाठी अ‍ॅपलनं दिलेली मर्यादा आहे ० ते ३५ अंश. सोलापुरात मे महिन्यात सावलीतलाच पारा चाळिशी ओलांडतो, आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. काळं यंत्र उन्हात ठेवलं तर ते हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तापलेला टॅबलेट स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड कमी करतो. नेमका हवा तेव्हाच! तेव्हा सावली आधी यंत्राला, मग माणसाला. फक्त ती चादर मिक्सरच्या पंख्याच्या जाळीवर येऊ देऊ नका.

मित्रानं आणखी एक केलं. पडद्याची काळी पार्श्वभूमी बदलून पांढरी केली. मिक्सरचे पडदे अंधारासाठी काळे रंगवलेले असतात, आणि काळ्यावर प्रतिबिंब जास्त उठून दिसतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं उन्हात तग धरतात. नंतर त्यानं खिशातून टेप आणि मार्कर काढला आणि फेडरखाली एकेक नाव लिहिलं.

साडेपाचला ऊन तिरपं होऊन मंडपाखालून थेट मिक्सरवर आलं. स्टेज पूर्वेला, सूर्य आमच्या पाठीशी. मंडपवाल्या पोराला हाक मारून पश्चिमेची कनात खाली सोडून घेतली. पडद्यावरची नावं पुन्हा दिसू लागली. स्टेजवरून गायिका म्हणाली, "दादा, ढोलकी थोडी कमी करा मॉनिटरला." मित्राचं बोट बरोबर ढोलकीवर गेलं.