दुखरा जबडा जास्त नाही, कमी जोर लावतो

पोर झोपेत दात खातं म्हणजे पोटात जंत झाले, हे घरोघरी ऐकू येतं. खरं तर झोपेत मेंदूला काही सेकंदांची अर्धवट जाग येते आणि त्या जागेबरोबर दात खाल्ले जातात. आतड्याचा त्यात हात नाही. पण याच जातीचा एक समज सुशिक्षितांत आणि दवाखान्यांतही टिकून आहे: जबडा दुखतो म्हणजे स्नायू आखडलाय. आखडला म्हणून दुखतो, दुखतो म्हणून आणखी आखडतो. ऐकायला चोख वाटतं. अडचण एवढीच, की मोजायला गेलं की जमत नाही.

गालांवर बोटं ठेवून दात आवळा. टचकन वर येतो तो गोळा मॅसेटर. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला तो टेम्पोरॅलिस. दोघांचं काम जबडा मिटण्याचं. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून त्यांची विद्युत हालचाल मोजता येते, त्याला ईएमजी म्हणतात. जबडा सैल असताना ती जेमतेम दोन-तीन मायक्रोव्होल्ट भरते, करकचून दात आवळले की शेकड्यांत जाते. दुखणाऱ्या लोकांत सैल अवस्थेतला आकडा किंचित जास्त दिसतो आणि ‘स्नायू अतिसक्रिय’ असा शेरा पडतो. पण मॅसेटरवरूनच चेहऱ्यावरचे भाव दाखवणारे पातळ स्नायू जातात. माणसाने वेदनेने तोंड वाकडं केलं की त्यांचाही सिग्नल त्याच इलेक्ट्रोडमध्ये शिरतो. दुखत नसलेल्यांना नुसतं दुखतंय असं समजायला सांगितलं, तरी आकडा चढतो. शिवाय इलेक्ट्रोड थोडा सरकला किंवा गालावर चरबी जास्त असली तरी वाचन बदलतं. एवढ्यावर निदान करणारं यंत्र कितीही महाग असो, भरवसा ठेवू नये.

खरी गंमत चावताना दिसते. सलाइनच्या बाटलीत मीठ ०.९ टक्के असतं. निरोगी स्वयंसेवकाच्या मॅसेटरमध्ये ५ टक्के मिठाचं पाणी थोडंसं टोचलं की काही मिनिटं अस्सल स्नायूदुखी होते. त्या मिनिटांत त्याला चावायला लावलं, तर जबडा मिटताना मॅसेटर कमी सक्रिय होतो. तोंड उघडताना मात्र, जेव्हा त्याने गप्प बसायला हवं, तो थोडा जास्त सक्रिय राहतो. परिणामी घास हळू चावला जातो, तोंड कमी उघडतं, जोर घटतो. मेंदूखोडातलं, म्हणजे मेंदूच्या तळाच्या देठातलं, चावणं चालवणारं चेतापेशींचं जाळं दुखऱ्या भागाला सांभाळून घेतं, पाय मुरगळल्यावर आपण लंगडतो तसं. १९९१ साली संशोधक जेम्स लुंड आणि सहकाऱ्यांनी हे ‘वेदना-अनुकूलन’ म्हणून मांडलं. पुढे दिसलं, की प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लंगडतो, त्यामुळे मूळ साचा जरा सैल करावा लागला.

मग महिनोन्‌महिने दुखतं कशाने? चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचे वेदनेचे धागे मेंदूखोडातल्या चेतापेशींच्या एका पुंजक्यात पोचतात. दात, स्नायू, सांधा आणि मानेचा वरचा भाग यांचे संदेश तिथे एकाच चेतापेशीवर येऊन आदळतात. मारा लांबला की या पेशी हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदना म्हणू लागतात. कमी झोप आणि ताण यात भर घालतात. मॅसेटरचं दुखणं खालच्या दाढेत जाणवतं तेही याच गर्दीमुळे. चांगल्या दाढेचं रूट कॅनल होऊनही ठणका तसाच राहतो, तो असा.

म्हणून दवाखान्यात दात झिजवून चाव ‘जुळवून’ घेणं टाळावं, कारण झिजवलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं कठीण कवच, परत येत नाही. बोटॉक्सने स्नायू सुमारे तीन महिने लुळावतो, पण दुखणं थांबेलच असं नाही. जबड्याला धार यावी म्हणून चघळायचे रबरी गोळे विकतात, ते तर दुखऱ्या जबड्यावर अत्याचारच. दिवसा ओठ मिटलेले, पण दात सुटे हवेत. एरवी ते दोन-चार मिलिमीटर दूरच असतात. कामाच्या पडद्यावर एक ठिपका चिकटवावा, नजर पडली की दात तपासावेत. ऊस, चिक्की काही आठवडे बंद, गालावर दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक.

तोंड स्वतःच्या तीन बोटांएवढं उघडायला हवं. उघडत नसेल आणि गुटखा-सुपारीची सवय असेल, तर सांध्याच्या मागे लागण्याआधी गालाची आतली बाजू दंतवैद्याला दाखवा. ती पांढुरकी, ताठ झाली असेल तर तो सबम्युकस फायब्रोसिस, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.