सोबती घडवताना: बौद्धिक अक्षमता असलेले मार्गदर्शक कसे तयार होतात

बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला एकट्याने बसने कार्यशाळेत जायला शिकवायचं, तर ते काम विशेष शिक्षकांकडे किंवा आई-वडिलांकडे येतं. तशीच अक्षमता असलेला, पण तो प्रवास रोज करणारा दुसरा तरुण हे शिकवू शकेल का? शकतो. अशा शिकवणाऱ्याला इथे ‘सोबती’ म्हटलंय. मात्र शिकवण्याचं काम त्यालाही पायरी-पायरीने शिकवावं लागतं. ‘तुला येतंय ना, मग सांग त्याला’ एवढ्यावर सोडून दिलं की प्रयोग फसतो आणि खापर त्याच्या बुद्ध्यांकावर फुटतं.

समवयस्काकडून शिकण्यात विशेष काय, याचं एक उत्तर मानसशास्त्रात आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘स्व-कार्यक्षमता’ ही कल्पना मांडली. ‘मला हे जमेल’ हा विश्वास ज्या गोष्टींतून येतो, त्यांतली एक म्हणजे आपल्यासारख्या माणसाला ते जमताना पाहणं. पुढच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट दिसली: मुळात बिचकणाऱ्याला सफाईने काम करून दाखवणाऱ्यापेक्षा अडखळत, चुका सुधारत पार पडणारा नमुना अनेकदा जास्त उपयोगी पडतो. सोबत्याचं अडखळणं झाकायचं नसतं, ते याचसाठी.

अमेरिकेत जेसिका क्रेमर आणि सहकाऱ्यांच्या ‘प्रोजेक्ट टीम’मध्ये विकासात्मक अक्षमता (बौद्धिक अक्षमता, ऑटिझम वगैरे) असलेल्या मुलांना ध्येय, योजना, कृती, पडताळणी अशा चार टप्प्यांत अडथळ्यांवर मात करायला शिकवतात. तिथे मार्गदर्शक म्हणून अक्षमता असलेले तरुण काम करतात. फोन आणि व्हिडिओ कॉलवरून मार्गदर्शन करण्याचा प्रयोगही तिथे झाला.

निवड करताना बुद्ध्यांक बाजूला ठेवावा. मुळात त्याला हे काम हवंय का? वेळेवर येतो का? समोरच्याने ‘नको’ म्हटलं तर चिडत नाही ना? आणि जे शिकवायचं ते स्वतःला येतं का? अस्खलित बोलणं गरजेचं नाही, चित्रकार्डांनी किंवा टॅबलेटवरूनही सोबती होता येतं. चार ते सहा जणांचा गट, आठवड्यातून एकदा तास-सव्वा तास, असे आठ-दहा आठवडे ही मांडणी झेपते. सलग दिवसभराचं शिबिर मात्र टाळावं. कार्यरत स्मृती, म्हणजे माहिती क्षणभर डोक्यात धरून वापरण्याची क्षमता, मर्यादित असेल तर दुपारपर्यंत सकाळचं फारसं उरत नाही.

प्रत्येक कौशल्याला चार टप्पे: सांगा, करून दाखवा, करायला लावा, लगेच अभिप्राय द्या. वेळेचा मोठा वाटा तिसऱ्या टप्प्याला हवा. अभिप्रायही नेमका हवा. ‘छान केलंस’ यातून काहीच कळत नाही. ‘तू प्रश्न विचारून थांबलास, ते बरोबर’ यातून कळतं.

कामाच्या पायऱ्या पाडणं, म्हणजे विशेष शिक्षणातलं ‘कार्य विश्लेषण’, सोबत्यालाही शिकवावं लागतं. या पद्धतीची ताकद मार्क गोल्ड या अमेरिकी संशोधकाने दाखवली. मध्यम ते तीव्र अक्षमता असलेल्या किशोरवयीनांनी १५ भागांचा सायकलचा ब्रेक जोडला आणि मग २४ भागांचा. त्यांचा हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. बसप्रवासाच्या पायऱ्या पाडताना कागदावर न दिसणारी अडचण सोबतीच आधी सांगतो. उदाहरणार्थ, घरच्यांनी मोबाइलवर बसचा नंबर इंग्रजी आकड्यांत लिहून दिलेला असतो आणि बसच्या पाटीवर तो बरेचदा देवनागरीत असतो. म्हणजे ‘नंबर बघा’ ही एक पायरी नाही, दोन आहेत.

मग येतो सगळ्यात अवघड धडा: थांबणं. नवे सोबती हमखास समोरच्याचं काम स्वतःच करून टाकतात, नाहीतर शाळेतल्या बाईंसारखे दटावतात. यात नवल नाही, कारण आयुष्यभर त्यांनी शिकवणं म्हणजे तेवढंच पाहिलेलं असतं. यावर उपाय म्हणजे मदतीची ठरलेली चढण. आधी पाच सेकंद थांबायचं, टेबलाखाली बोटं मोजत. मग तोंडी इशारा, मग बोट दाखवणं, मग करून दाखवणं. हाताला धरून करून घेणं ही पुढची पायरी शिक्षक वापरतात. सोबत्यांच्या यादीतून ती काढून टाकावी, कारण स्पर्शाची सीमा सांभाळण्याचं ओझं त्यांच्यावर टाकणं योग्य नाही. शिकणारा प्रत्येक पायरीआधी सोबत्याच्या तोंडाकडे पाहू लागला, तर मदत फार लवकर मिळते आहे असं समजावं. समोरच्याला विचार करायला लागणारा वेळच कोणी दिलेला नसतो.

प्रश्न कसे विचारायचे, यावर एक पूर्ण सत्र द्यावं लागतं. कॅरोल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती ‘हो-नाही’च्या प्रश्नांना अनेकदा ‘हो’ म्हणतात, प्रश्न उलटा विचारला तरीही. सरावात हे लगेच दिसतं. सोबती विचारतो, ‘नंबर बघितलास ना?’ ‘हो.’ ‘आपलीच बस आहे ना?’ ‘हो.’ आणि बस भलतीच असते. तोच सोबती हातातलं सूचनांचं कार्ड पाहून विचारतो, ‘पाटीवर काय लिहिलंय? वाचून दाखव.’ आता ‘हो’ म्हणून सुटता येत नाही. म्हणून सोबत्याच्या कार्डावर ‘ना?’ हा शब्द लिहून त्यावर लाल फुली मारावी. ही साधी खूण लांबलचक सूचनेपेक्षा जास्त चालते.

स्वतःचा अनुभव सांगणं हे सोबत्याचं खरं भांडवल, पण मोकळं सोडलं तर ते अर्धा तास चालतं. त्यासाठी चार चित्रांचं कार्ड: मला काय अडलं, मी काय केलं, कोणी मदत केली, तू काय करून बघशील? चौथं चित्र आलं की बोलण्याची पाळी दुसऱ्याची.

गुप्तता समजावताना व्याख्या देऊ नये, गठ्ठे लावायला द्यावेत. एका डब्यावर ‘आपल्या दोघांत’, दुसऱ्यावर ‘आजच मदतनीसाला सांगायचं’. (मदतनीस म्हणजे सोबत्याच्या पाठीशी असलेला संस्थेचा माणूस.) ‘त्याला एक मुलगी आवडते’ पहिल्यात. ‘घरी कोणी मारतं’, ‘कोणी नको तिथे हात लावतं’, ‘पैसे मागतं’, ‘मरावंसं वाटतं’ हे दुसऱ्यात. उसने पैसे आणि रात्री-अपरात्रीचे फोन यांचे नियमही पहिल्याच आठवड्यात चित्रांसह ठरवावेत. प्रत्यक्षात तक्रारी येतात त्या बहुधा यांवरूनच.

तयारी झाली हे कसं ओळखायचं? दहा मुद्द्यांची तपासणी यादी ठेवा: पाच सेकंद थांबला, उघडा (‘हो-नाही’त न सुटणारा) प्रश्न विचारला, चढण पाळली, वगैरे. तीन लागोपाठच्या सरावांत दहापैकी आठ मुद्दे जमले की खऱ्या भेटी सुरू कराव्यात. आणि त्यातला एक सराव अनोळखी माणसाबरोबर असावा, कारण ओळखीच्या खोलीत शिकलेलं बाहेर आपोआप उतरत नाही. नंतरही महिन्यातून एकदा तीच यादी घेऊन बसावं. काही आठवड्यांनी थांबण्याचे पाच सेकंद हमखास दोन होतात.

बरेच उपक्रम फसतात ते मात्र मदतनीसामुळे. दोघं बोलत असताना तो मध्येच ‘म्हणजे त्याला असं म्हणायचंय’ करतो आणि त्या क्षणापासून शिकणारा सोबत्याकडे बघणंच सोडतो. मदतनीसाने शिकणाऱ्याच्या मागे, त्याच्या नजरेबाहेर बसावं आणि सोबत्याने ठरलेली खूण केल्याशिवाय बोलू नये. एवढ्यानेही जमत नसेल तर खोलीबाहेर बसवावं.

मानधनही ठरवावं, आणि ते त्याच्याच खात्यात जावं. ‘त्याला तेवढाच विरंगुळा’ म्हणून फुकट राबवणाऱ्या संस्थेत त्याचं सोबतीपण कोणीच मनावर घेत नाही, तो स्वतःसुद्धा.

शेवटची भेट कधी, हे पहिल्याच भेटीत कॅलेंडरवर दाखवावं आणि दर भेटीनंतर दोघांनी मिळून एक चौकोन खोडावा. ज्यांना मित्र कमी असतात त्यांना अचानक तुटलेली ओळख फार लागते. काही जण त्यानंतर बस पकडणंही सोडतात. शेवटून दुसऱ्या भेटीत ‘आता अडलं तर कोणाला विचारशील?’ याची तीन नावं लिहून घ्यावीत, आणि त्यांपैकी एकाला तिथूनच फोन लावून बघावा.