एकच नाव, दोन उपचार : पन्नाशीतले हार्मोन आणि पासष्टीनंतरचे हार्मोन

‘हार्मोनच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो’ आणि ‘हार्मोनच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळतो’ अशी दोन्ही विधाने पाळी थांबण्याच्या वयातील स्त्रीच्या कानावर पडतात, आणि दोन्ही तितक्याच ठामपणे सांगितली जातात. या गोंधळाचे एक मोठे कारण असे की हार्मोन थेरपी, म्हणजे पाळी थांबताना शरीरात कमी होणारे हार्मोन औषधातून देणे, या एकाच नावाखाली दोन निराळे निर्णय झाकले जातात. पहिला निर्णय पाळी थांबण्याच्या सुमारास घेतला जातो : अंगातून गरम वाफा येतात, रात्री दरदरून घाम फुटतो, झोप लागत नाही, म्हणून काही वर्षांपुरता उपचार. दुसरा निर्णय पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे लोटल्यावरचा : असा कोणताही त्रास नसताना, पुढचे आजार टळावेत या आशेने गोळी सुरू करण्याचा. गोळी तीच असू शकते; ती घेणारे शरीर मात्र तेच राहिलेले नसते.

ज्या आकड्यामुळे भीती पसरली, तो दुसऱ्या निर्णयाचा आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या संशोधनाची स्मृतीविषयक शाखा होती. तिच्यात ६५ ते ७९ वर्षे वयाच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या ४,५३२ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला गाभण घोडीच्या मूत्रापासून मिळवलेले इस्ट्रोजेन (स्त्रीच्या अंडाशयात बनणारे मुख्य हार्मोन) आणि त्यासोबत गर्भाशयाच्या अस्तराला जपण्यासाठी कृत्रिम प्रोजेस्टिन हे दुसरे हार्मोन दिले गेले, तर दुसऱ्या गटाला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. सरासरी चार वर्षांनंतर, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेणाऱ्यांपैकी ४० जणींना आणि न घेणाऱ्यांपैकी २१ जणींना बहुधा स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले. ‘धोका दुप्पट’ हे शब्द इथून आले आणि ते खरेही आहेत. पण हेच प्रमाण दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला २२ वरून ४५ असे मांडले, तर त्याच आकड्याचा आवाका नीट कळतो. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले गेले, तेव्हाही कल वाढीकडेच होता. मात्र तो योगायोग नसल्याचे संख्याशास्त्राच्या निकषावर सिद्ध झाले नाही.

असे का घडले असावे? गोळीमुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत बारीक गुठळ्या होत असतील, हा पहिला तर्क होता. पुढे याच संशोधनातील सुमारे चौदाशे स्त्रियांच्या मेंदूचे एमआरआय काढले गेले, तेव्हा अशा इजा औषध घेणाऱ्यांत विशेष अधिक आढळल्या नाहीत. परंतु स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा पुढचा भाग किंचित आकसलेला दिसला. तर्क मागे पडला, निरीक्षण उरले, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे.

आता पहिला निर्णय. पाळी थांबून तीन वर्षांच्या आतल्या ६९३ स्त्रियांवर चार वर्षे केलेल्या ‘कीप्स’ या अमेरिकी चाचणीत हार्मोनमुळे स्मृती वा आकलन घसरले नाही, आणि सुधारलेही नाही. ‘लवकर सुरू केले तर मेंदूला लाभ’ हे गृहीतक थेट तपासणाऱ्या ‘एलिट’ चाचणीतही, पाळी थांबून सहा वर्षे न झालेल्या आणि दहा वर्षांहून अधिक झालेल्या, अशा दोन्ही गटांत आकलनावर परिणाम दिसला नाही. म्हणजे पन्नाशीत त्रासासाठी घेतलेल्या गोळीला पासष्टीचा आकडा चिकटवणे जसे चुकीचे, तसेच ती ‘बुद्धीसाठी’ घेणेही निराधार ठरते. डेन्मार्कमधील नोंदींवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र पंचावन्नपूर्वी हार्मोन घेतलेल्यांतही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. त्यात गट चिठ्ठीने पाडलेले नव्हते. ज्यांना वाफा आणि निद्रानाश यांचा त्रास जास्त, त्यांनीच औषध घेतलेले असण्याचा संभव असतो, आणि मग वाढ गोळीची की त्या त्रासाची, हे अशा नोंदी सांगू शकत नाहीत. त्याआधीच्या काही निरीक्षणांत हार्मोन मेंदूचे रक्षण करते असे वाटले होते, तेही अशाच कारणाने : तेव्हा गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या होत्या.

या दोन्ही निर्णयांत न बसणारी एक स्त्री आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. जिचे अंडाशय चाळिशीच्या आत शस्त्रक्रियेने काढले गेले, तिचे इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले की पाळी जाण्यापूर्वी अंडाशय काढलेल्या स्त्रियांत पुढे बौद्धिक क्षीणतेचे वा स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक असते, आणि शस्त्रक्रियेचे वय जितके कमी तितके ते वाढते. अशा स्त्रीला, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावे असा वैद्यकीय सल्ला असतो, कारण तिच्यासाठी ती न मिळालेल्या वर्षांची भरपाई असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये राज्यभर गाजले, तेव्हा चर्चा पिशवीचीच अधिक झाली. अंडाशय शाबूत असतील तर पिशवी गेल्यावरही इस्ट्रोजेन बनत राहते. तेही काढले असतील तर प्रश्न पूर्णपणे वेगळा होतो. म्हणून पिशवी काढलेल्या प्रत्येक स्त्रीने, किंवा तिच्या लेकीने, शस्त्रक्रियेचे जुने कागद शोधून अंडाशय ठेवले की काढले एवढी एक नोंद डॉक्टरांकडून वाचून घ्यावी.