एन्कुटाटाश (इथिओपियाचं नवं वर्ष)

एन्कुटाटाश म्हणजे इथिओपियातला नववर्षाचा सण, आणि तो येतो 11 सप्टेंबरला (इंग्रजी लीप वर्षाच्या आदल्या सप्टेंबरात 12 ला). तिथल्या कॅलेंडरमध्ये महिने 13. बारा महिने 30-30 दिवसांचे आणि शेवटी पागुमे नावाचा छोटुकला महिना, 5 दिवसांचा, लीप वर्षी 6 चा. वर्षाचा आकडाही इंग्रजी सनापेक्षा सात-आठने मागे, म्हणून अदिस अबाबात 2000 सालाचा जल्लोष झाला तो सप्टेंबर 2007 मध्ये!

पण हा सण खरा पावसाशी बांधलेला आहे. जूनपासून डोंगराळ भागात धो धो कोसळणारा पाऊस सप्टेंबरात ओसरतो, ऊन पडतं आणि माळावर आदेय अबेबाची पिवळी फुलं उमलतात, ती याच दिवसांत दिसतात. पागुमेचा पाऊस पवित्र मानतात, पोरंटोरं त्यात मुद्दाम भिजतात. आदल्या संध्याकाळी सुक्या काटक्यांच्या जुड्या पेटवतात, त्याला चिब्बो म्हणतात. सकाळी चर्च, मग मुलींच्या टोळ्या पांढरे, काठाला रंगीत विणकाम असलेले कपडे घालून हातात फुलं घेऊन दारोदार जातात, गाण्यात एक जण 'अबेबायेहोश' म्हणते आणि बाकीच्या 'लेमलेम' असा प्रतिसाद देतात, घरचे पैसे नाहीतर पाव देतात. मुलगे सूर्य, फुलं, देवदूत अशी चित्रं रंगवून शेजाऱ्यांना वाटतात. मला तर सणाचा हाच भाग सगळ्यात गोड वाटतो.

घरात जमिनीवर ओलं हिरवं गवत पसरतात आणि स्वयंपाक असतो डोरो वॉटचा, म्हणजे कोंबडीचा झणझणीत रस्सा. ढीगभर कांदा बारीक चिरून आधी तेलाशिवाय कितीतरी वेळ परततात, मग बेर्बेरे मसाला, मसालेदार तूप, कोंबडीचे तुकडे आणि शेवटी उकडलेली अंडी. घाई केली की चव गेलीच. सोबत इंजेरा, म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची आंबोळीसारखी जाळीदार पण ताटभर मोठी भाकरी, सगळे एकाच ताटातून खातात. नंतर कॉफी, ती तिथेच भाजून, कुटून, तीन फेऱ्यांत.

दंतकथा अशी की बायबलमधली शेबाची राणी (इथिओपियाचे लोक तिला आपलीच मानतात) राजा सॉलोमनकडून परतली तेव्हा सरदारांनी तिला रत्नं भेट दिली, तिथून हा सण सुरू झाला. शेजारच्या एरिट्रियातही ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन याच दिवशी नवं वर्ष करतात. मात्र इथिओपियातल्याच दक्षिणेकडच्या सिदामा लोकांचं नवं वर्ष वेगळं, फिचे-चंबालाला, त्याची तारीख जाणकार म्हातारे तारे बघून ठरवतात, 2015 साली युनेस्कोने त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.