संदेष्टा (बायबलमधील)

देवाचा निरोप माणसांपर्यंत पोहोचवणारी व्यक्ती. मूळ हिब्रू शब्द ‘नावी’. जुन्या मराठी भाषांतरांत त्यासाठी ‘भविष्यवादी’ हा शब्द येतो आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे उगाच ज्योतिषी उभा राहतो. आज रूढ असलेला ‘संदेष्टा’ अधिक नेमका आहे. जड जिभेच्या मोशेच्या वतीने त्याचा भाऊ अहरोन इजिप्तच्या राजाशी, फारोशी, बोलणार असतो, तेव्हा निर्गमाच्या पुस्तकात त्याला मोशेचा ‘संदेष्टा’ म्हटले आहे. म्हणजे दुसऱ्याचे तोंड. पुढे काय होणार हेही संदेष्टे सांगतात, पण पुष्कळदा ‘असेच वागत राहिलात तर’ या अटीवर. योनाचा इशारा ऐकून निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचते, आणि निरोप घेऊन आलेला योनाच रुसून बसतो.

संदेष्ट्यांचे बोलणे अनेकदा ‘परमेश्वर असे म्हणतो’ या शब्दांनी सुरू होते. ही धाटणी निरोप्याची आहे. याकोब आपला भाऊ एसाव याच्याकडे माणसे पाठवतो, तीही ‘आपला दास याकोब असे म्हणतो’ अशीच सुरुवात करतात. निरोप्याने पदरचे काही घालायचे नाही, काही गाळायचेही नाही. निरोप राजाविरुद्ध असला की हे जिवावर बेतू शकते. नाथान दावीद राजाला तोंडावर ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे सुनावतो. तकोवाचा मेंढपाळ आमोस बेथेलला येऊन गरिबांना नाडणाऱ्या धनिकांवर तुटून पडतो, तेव्हा तिथला याजक त्याला यहूदात, त्याच्या स्वतःच्या मुलखात, परत जाऊन पोट भरायला सांगतो. आमोसचे उत्तर असे, की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. गुरे राखणारा, उंबराची झाडे सांभाळणारा माणूस आहे.

सर्वांत जास्त सोसले ते यिर्मयाने. त्याने आपला लेखनिक बारूख याच्याकडून लिहून घेतलेली गुंडाळी यहोयाकीम राजाने चाकूने कापून शेगडीत जाळली. यिर्मयाने ती पुन्हा सांगितली, वर भर घालून. इ. स. पू. ५९४च्या सुमारास तो बाबेलच्या (बॅबिलोनच्या) गुलामीची खूण म्हणून मानेवर जू घेऊन हिंडत होता. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते मोडले आणि दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, असे जाहीर केले. त्याची सुरुवातही ‘परमेश्वर असे म्हणतो’ अशीच होती! ऐकणाऱ्यांनी कोणाला खरे मानायचे? बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली कसोटी अशी, की बोललेले घडले नाही तर तो निरोप देवाचा नव्हे. पण ही कसोटी लागते ती वेळ निघून गेल्यावर. इ. स. पू. ५८६मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि यिर्मया खरा ठरला.

संदेष्ट्यांमध्ये मिर्याम, दबोरा, हुल्दा या स्त्रियाही आहेत. यहुदी परंपरा दानीएलाचे पुस्तक संदेष्ट्यांच्या विभागात धरत नाही, ख्रिस्ती परंपरा धरते. नव्या करारात बाप्तिस्मा करणारा योहान याच परंपरेत उभा आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात संदेष्टा एलीया ऊर्फ ‘एलियाहू हन्नबी’ याला विशेष मान आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाची खूण खडकावर उमटल्याचे ते सांगतात. शुभकार्यात त्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे घालून मलिदा करतात.