शाळा उघडण्याचा निर्णय खरोखर दिल्लीचा होता का?

करोनाकाळात शाळा बंद ठेवण्याचा आणि उघडण्याचा प्रत्येक निर्णय दिल्लीहून देशभर एकदमच लागू झाला, असा मजकूर वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबांच्या गटांवर अजूनही फिरतो. हा समज स्वाभाविक आहे, कारण मार्च 2020 मधली टाळेबंदी देशव्यापीच होती. मात्र 30 सप्टेंबर 2020 च्या केंद्रीय सूचनांनी 15 ऑक्टोबरनंतर शाळा टप्प्याटप्प्याने उघडण्याचा निर्णय राज्यांवर सोपवला आणि पालकांची लेखी संमती आवश्यक ठरवली.

पुढचा घटनाक्रम अधिक बोलका आहे. 23 नोव्हेंबर ही तारीख महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी जाहीर केली होती. महाराष्ट्रात त्या दिवसापासून अनेक ठिकाणी नववी ते बारावीचे वर्ग भरले, तर गुजरातने दिवाळीनंतर रुग्ण वाढल्याने ती तारीख मागे घेऊन दहावी-बारावीचे वर्ग 11 जानेवारी 2021 रोजी सुरू केले. मुंबईतल्या शाळा तर महाराष्ट्रात असूनही तेव्हा बंदच राहिल्या. म्हणजे वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली दहावीची मुलगी मोबाइलवर तास करीत असताना तिची महाराष्ट्रातली मावसबहीण वर्गात बसलेली असू शकत होती.

पडताळणीसाठी दोन्ही राज्यांच्या आदेशांच्या तारखा शेजारी ठेवाव्यात. मुलांच्या जुन्या फायलीत शाळेला दिलेल्या संमतीपत्राची प्रत सापडली, तर तीवरची तारीखही पाहावी.